दोघांनी बसवलेला चेन गाइड

भूगोलाच्या बाई तिसऱ्यांदा तीच सायकल ढकलत सायकलदुरुस्तीच्या दुकानात आल्या. पायांना घोट्यापर्यंत चिखल होता आणि आवाजात राग अजिबात नव्हता. दुकानातल्या थोरल्या भावाला त्याचीच धास्ती वाटली.

"उतारावर चेन पुन्हा पडली," बाई म्हणाल्या. "आणि तुमचा तो चेन गाइड चढावर किरकिरतो. चेन पडू नये म्हणूनच बसवलाय ना तो?"

"त्यासाठीच," थोरला म्हणाला.

चेन गाइड म्हणजे पुढच्या चक्राच्या डोक्यावर बसणारा मुठीएवढा पिंजरा. सायकल दगडधोंड्यांतून उड्या मारत उतरली तरी चेन दात्यांवरून निसटू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. बाईंच्या सायकलवर तो तेवढंच करत नव्हता.

दुकान दोघा भावांचं. सात महिन्यांपूर्वी बहिणीच्या नव्या घरी, सगळ्यांच्या देखत, थोरला बोलून गेला की धाकट्याला साधं पेडल सरळ बसवता येत नाही. धाकटा भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून अबोला. काम मात्र बंद नव्हतं. थोरल्याची बायको काउंटरवर बसायची आणि सहा फुटांवरचे निरोप इकडून तिकडे करायची.

"त्याला सांग, लाल सायकलचा ब्रेक झालाय."

"भावोजी, लाल सायकलचा ब्रेक झालाय."

"ऐकलं म्हणावं."

"ऐकलं म्हणतायत."

आज बहुधा ती कंटाळली होती. बाईंना स्टूल देत तिने सरळ सांगून टाकलं, "खरं सांगू का? सकाळी हे तो गाइड बसवतात. हे जेवायला गेले की भावोजी सैल करून पुन्हा बसवतात. संध्याकाळी भावोजी निघाले, की परत हे."

बोल्ट आपोआप सरकतात, असं थोरल्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. धाकट्यानेही तेच ठरवलं असणार.

बाई वर्गात उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या. "दोघेही इकडे या. माझ्यासमोर बसवा. आणि बोलायचं ते एकमेकांशी बोला. वहिनी मधे पडणार नाहीत."

सायकल स्टँडवर चढली. धाकटा पेडल फिरवत गिअर बदलू लागला, थोरल्याने गाइडपाशी डोळे नेले. चेन चढासाठी मागच्या मोठ्या चक्रावर गेली की गाइडच्या आतल्या पट्टीला घासायची, उतारासाठी छोट्या चक्रावर गेली की बाहेरच्या. थोरला नेहमी चढाचा गिअर टाकून तपासायचा, धाकटा उताराचा. दोघांचंही बरोबर होतं, आणि सायकल बिघडलेली होती.

"आत घासतेय," थोरल्याने हवेला सांगितलं.

"किती?" धाकट्याने विचारलं.

"नखाएवढी."

"तुझ्या की माझ्या?"

थोरल्याने स्वतःच्या नखाकडे पाहिलं, मग गाइड उतरवला आणि ब्रशने धुतला. वाळलेला चिखल निघाला तेव्हा आतली पट्टी मधोमध चेपलेली दिसली. दगड लागला असणार. चेनला जागाच उरली नव्हती. किरकिर थांबावी म्हणून दोघांनी गाइड थोडा थोडा वर सरकवला होता, आणि उतारावर चेन त्याच्या खालून निसटत होती. दोघांनी मिळून तो पाचदा तरी बसवला होता. धुतला एकदाही नव्हता.

"आधी धुवायला हवा होता," धाकटा म्हणाला.

"हो. ते पेडल सरळच होतं," थोरला म्हणाला.

"माहितीये. पाना दे."

पट्टी वाइसच्या पकडीत धरून हलक्या हाताने सरळ केली. एक पातळ वॉशर घातला, गाइड दात्यांच्या वर नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवून बसवला, बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून निळा गोंद लावला. मग सगळे गिअर दोनदा फिरवले. आवाज आला नाही.

"मागच्या वेळीही स्टँडवर ठीकच होती," बाई म्हणाल्या. "कोणीतरी उतारावरून आणून दाखवा."

दुकानामागे पाण्याच्या टाकीकडून येणारी खडकाळ पायवाट होती. थोरल्याचं वय चोपन्न. तो म्हणाला, "मी जातो."

"दादा, राहू दे. मी जातो," धाकटा म्हणाला.

"तू मघापासून पेडलच फिरवतोयस."

थोरला सायकल घेऊन वर गेला. बाकीचे मागच्या दारात उभे राहिले. बराच वेळ काही दिसलं नाही, मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. पुढे दोन-तीन मिनिटांनी तो सायकल चालवतच खाली आला. पॅन्ट गुडघ्यावर फाटली होती.

"चेन नाही पडली," तो म्हणाला.

"तू पडलास."

"मी पडलो. चेन नाही."

बाईंनी स्वतः चेन हलवून पाहिली आणि मान डोलावली. थोरल्याच्या बायकोने औषधाची बाटली आणून धाकट्याच्या हातात दिली. त्यांना सांगा झोंबेल म्हणून, ती म्हणाली, आणि काउंटरवर जाऊन बसली.