नक्की ये

प्रियदर्शनीने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, दोरा दाताने तोडला आणि पहिला पेढा सुरुचीच्या हातावर ठेवत म्हणाली,

"मॅडम, राजीनामा दिला."

सुरुचीचा हात तसाच राहिला. जपानीचा सकाळचा वर्ग नुकताच सुटला होता. खुर्च्या अजून वेड्यावाकड्या पडल्या होत्या आणि फळा अर्धाच पुसून झाला होता.

"कसला राजीनामा?"

"अहो, कंपनीचा! संपला एकदाचा हिंजवडीचा वनवास. आता तुम्ही फक्त रेइकोसानना जपानीत एक मेल करून द्या, मी येतेय म्हणून. व्हिसासाठी त्यांचं पत्र लागेल म्हणे. आणि प्रॅक्टिस कधी सुरू होतेय, तेही विचारा."

पेढा तोंडात टाकावा की खाली ठेवावा, हे सुरुचीला कळेना. तिने तो वहीच्या कोपऱ्यावर ठेवला आणि बोटं पदराला पुसली.

गेल्या महिन्यात जपानहून चार बायकांचा एक हार्ड रॉक बँड पुण्यात आला होता. नाव 'तेत्सुबिन', म्हणजे बिडाची किटली. चौघींचेही तिकडे आपापले नावाजलेले बँड होते. हा त्यांनी हौसेने काढलेला जोडधंदा. सवड मिळाली की जमायचं, कान किटेपर्यंत वाजवायचं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागायचं. पुण्यात मात्र तिघीच उतरल्या, कारण ड्रम वाजवणारी मिहो ऐन वेळी तापाने आडवी झाली. आयोजकांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी कुणाच्या तरी ओळखीतून विश्रांतवाडीची ही मुलगी सापडली. आठवडाभर कंपनीत कोडिंग, गणपतीत पथकात ताशा आणि उरलेल्या वेळात घराच्या गच्चीवर ड्रम.

सुरुची दुभाषी म्हणून होती, पण तालमीत तिला फारसं कामच पडलं नाही. कानात कापूस घालून ती कोपऱ्यात बसून राहिली. कार्यक्रमाला मात्र तिने कापूस काढला. तिघींपैकी रेइकोची गिटार आणि या पोरीचे हात यांची अशी काही जुंपली, की टाळीसुद्धा विचार करून वाजवणारा आपला पुणेरी प्रेक्षक उठून उभा राहिला. सुरुची पडद्याआड उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात निरोप घेताना रेइको कमरेत वाकली आणि म्हणाली, तोक्योला आलात तर अवश्य कळवा, पुन्हा एकत्र वाजवू. या वाक्याचं वजन सुरुचीला चांगलं ठाऊक होतं. इतकी वर्षं तिने याच भाषेवर पोट भरलं होतं. दाराला कडी लावता लावता पुण्यात 'या एकदा निवांत' म्हणतात ना, तेवढंच ते. पण प्रियदर्शनी तिच्या तोंडाकडे बघत उभी होती आणि सुरुचीच्या तोंडून निघालं,

"तोक्योला ये. नक्की ये. तुझी जागा आम्ही ठेवू."

घरी परतताना रिक्षात तिने मनाची समजूत घातली, एवढं तेवढं चालतं.

"घरी सांगितलंस?" आता तिने विचारलं.

"आईने अबोला धरलाय." प्रियदर्शनी हसायला गेली, पण ते काही जमलं नाही. "बाबांनी एकच विचारलं, तुला कोणी बोलावलंय का? म्हटलं, बोलावलंय. आम्ही मूळचे यवतमाळचे, मॅडम. आमच्याकडे 'या' म्हटलं की ताट वाढलेलंच असतं. मग बाबा काही बोलले नाहीत. राजीनाम्याचा मेल त्यांच्यासमोरच पाठवला मी."

सुरुचीला सुटायला वाट होती, नव्हती असं नाही. मेल पाठवायचा. तिकडून चार ओळींचा गोड नकार येईल. मग हळहळायचं, जपानी माणसं तशीच, बोलतात एक आणि करतात एक. खापर रेइकोच्या माथी फुटेल आणि आपण पुन्हा फळा पुसायला मोकळ्या. कुणाला कळणार होतं? पण समोरची पोरगी खुर्चीच्या टोकावर बसून मांडीवर दोन बोटांनी ताल धरत होती, आणि ते सुरुचीला बघवेना. शिवाय एक वेडी आशाही होती. कोण जाणे, असेलही रेइकोच्या मनात.

"मेल नको. फोनच लावू," ती म्हणाली.

फोन लगेच लागला. मागे गिटारी जुळवल्या जात होत्या. रेइको तिच्या मोठ्या बँडच्या तालमीत होती. सुरुचीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडच्या गिटारी हळूहळू लांब गेल्या. रेइको बहुधा खोलीबाहेर आली असावी.

"मी असं म्हटलं होतं का?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. मग ती एकेक शब्द जपून बोलू लागली. मिहो बरी झाली आहे. तेत्सुबिन म्हणजे आमची वर्षाकाठची चार दिवसांची मजा. पुढच्या वर्षी जमू की नाही, तेही ठरलेलं नाही. ती मुलगी फार छान वाजवते हो. तिला वाईट वाटणार नाही, अशा बेताने सांगाल ना?

सुरुचीने सवयीने फोनपुढेच मान लववली आणि तो बंद केला.

"काय म्हणाल्या?" प्रियदर्शनीची बोटं थांबली.

दुभाष्याने 'मी' म्हणायचं ते बोलणाऱ्याच्या वतीने. स्वतःचा 'मी' चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा, हे सुरुची दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना बजावून सांगायची.

"मिहो बरी झालीये. तिथे जागा नाहीये," ती म्हणाली. "आणि प्रियदर्शनी, त्यांनी तुला जागा देऊ केलीच नव्हती. तोक्योला आलात तर कळवा, एवढंच म्हणाल्या होत्या. नक्की ये, तुझी जागा ठेवू, हे माझं. मी घातलं त्यात."

प्रियदर्शनी खुर्चीवरून उठली.

"घातलं म्हणजे?"

"त्या बोलल्याच नव्हत्या ते. माझी चूक झाली."

"चूक?" तिचा आवाज चिरकला. "मॅडम, माझी नोकरी गेली! घरात मी काय तोंड दाखवू आता? बाबांना काय सांगू? लोकांच्या तोंडी वाट्टेल ते घालता तुम्ही, आणि वर मानधनही घेता?"

प्रियदर्शनीने सॅक खांद्याला अडकवली. पेढ्यांच्या पुड्याकडे तिने बघितलंही नाही. दाराशी जाऊन ती बूट चढवू लागली. एक बूट चढवला, नाडी बांधली, दुसरा हातात घेतला आणि पाठमोरीच म्हणाली,

"म्हणजे मी यावं असं त्यांना वाटलंच नव्हतं."

"नाही."

"मग कुणाला वाटलं होतं?"

सुरुची थांबली. आधी कोणीतरी बोलेल आणि मग आपण सांगू, अशी तिला वर्षानुवर्षांची सवय. पण आज आधी बोलायला कोणी नव्हतं.

"मला," ती म्हणाली. "तुझं ऐकताना मला वाटलं होतं."

प्रियदर्शनी वळली. डोळे लाल झाले होते, पण आवाज आता शांत होता.

"मग त्या दिवशी तसंच सांगायचं होतं ना, मॅडम," ती म्हणाली. "मला तेवढंही पुष्कळ झालं असतं."