पिकर्सगिलांची पेटी

"जन्म कुठला?" टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं.

विल्फ्रेड पिकर्सगिलला सांगता येईना. बायकोच्या, आयव्हीच्या, मृत्यूची नोंद करायला तो कीथलीच्या निबंधक कचेरीत आला होता. नाव, वय, पत्ता सांगून झालं होतं.

आपल्या आडनावाचे सारे नामांकित लोक त्याला तोंडपाठ होते. बिशप झालेला आयझॅक कुठल्या खेड्यात जन्मला, क्रिकेटमध्ये लँकेशरचे सात गडी बाद करणाऱ्या जेम्सची आई कोण, सगळं. तीस वर्षं त्याने हेच जमवलं. माणशी एक कार्ड, लाकडी पेटीत वर्णानुक्रमाने. कार्डं टाइप करायची आयव्ही, कारण विल्फ्रेडचं अक्षर विल्फ्रेडलाही लागत नसे. नियम मात्र त्याचा: जन्माने पिकर्सगिल असेल तोच पेटीत. लग्नाने झालेल्या नकोत.

"विचारून या हवं तर," बाई हळूच म्हणाल्या.

कोपऱ्यावरच्या फोनवरून त्याने मेबलला, आयव्हीच्या थोरल्या बहिणीला, विचारलं.

"तुला ठाऊक नाही?"

"नाही."

"सेहेचाळीस वर्षं तिच्या हातचा चहा ढोसलास, विल्फ!"

"हो."

"व्हिटबी. आत्याकडे, मासळीच्या दुकानावरच्या खोलीत. तिथे तुझा बिशप जन्मला असता ना, तर जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजून आला असतास."

"आलो असतो."

"रडतोयस का?"

"नाही."

"मग रड की मेल्या! का त्यालाही नियम आहे तुझा?"

त्याला रडू येत नव्हतं. तो परत आत गेला, व्हिटबी म्हणाला. बाईंनी लिहून घेतलं.

घरी येऊन त्याने टाइपरायटरवरचं कापड काढलं. कार्ड सरळ कसं घालायचं ते त्याला माहीत नव्हतं, वाकडंच गेलं. एका बोटाने त्याने टाइप केलं: पिकर्सगिल, आयव्ही. जन्म, व्हिटबी. त्याखाली दर कार्डावर असायचं तसं: ख्याती. पुढे काय लिहायचं ते सुचेना. त्याने कार्ड तसंच ओढून काढलं.

बिशप आयझॅक आणि जेम्स यांच्यामध्ये तिची जागा येत होती. पेटी गच्च भरली होती. कार्ड अर्धं वरच राहिलं आणि झाकण लागेना.

त्याने झाकण पुन्हा दाबून पाहिलं नाही.