तीन आठवड्यांची तरतूद

सरुबाईने विहिरीपासून ओढत आणलेल्या दोराचे टोक दाराच्या चौकटीला बांधले, दोनदा हिसका देऊन पाहिले आणि नवऱ्याचा हात धरून त्यावर ठेवला.

"आता चला बगू. एकटं."

"चाळीस वरसं या इहिरीचं पानी पितोय मी," रखमाजी म्हणाला.

"तवा डोळं व्हतं."

तो दोर धरून निघाला. रेल्वेत गँगमन म्हणून खंडाळ्याच्या घाटात रूळ तपासण्यात त्याची हयात गेली होती. दोन वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हापासून त्याने कुसगावातले आपले अंगण ओलांडले नव्हते. आणि आता कल्याणहून जावयाचे पत्र आले होते. हौसाचे दिवस भरत आले होते आणि तिला सासू नव्हती. सरुबाईला तीन आठवडे तरी लेकीकडे जाणे भाग होते.

तिने औषधाच्या पुरचुंड्या बांधल्या. सुंठीला एक गाठ, ओव्याला दोन. खाटेच्या उशाशी थाळी आणि पळी ठेवली. काही सळसळले तर पाय खाली टाकायचा नाही, थाळी वाजवायची. रखमाजीने वाजवून दाखवली, तर शेजारची धोंडाबाई पिठाच्या हातांनी धावत आली.

"काय झालं?"

"काय न्हाई. तू येतीस का बगत व्हतो."

सरुबाईने कंदील पुसून कोनाड्यात ठेवला, तेव्हा मात्र तो हसला. "मला कंदील कशापायी?"

"दुसऱ्याला तुमी दिसाया नगं?"

संध्याकाळी त्याने तिला उंबऱ्याशी बसवले. सरुबाईने जन्मात गाडीत पाय ठेवला नव्हता.

"घाटात बोगदं लागत्यात. समदा अंधार हुतो. भ्यायचं न्हाई, आकडं मोजायचं. बोगदा सपतोच. भलत्याच टेसनात उतरलीस, तर जागची हलू नगं. मास्तराला गावाचं नाव सांग. म्हन बगू."

शाळेतल्या पोरीसारखे तिने सगळे म्हणून दाखवले.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाईच्या सोपानने तिला लोणावळ्याला गाडीत बसवून दिले. खंडाळा मागे पडला आणि एकाएकी डबा काळोखात बुडाला. शेजारच्या बाईचे मूल किंचाळले, बाईही रडवेली झाली. सरुबाईने अंधारातच तिचा हात चाचपून घट्ट धरला.

"भिऊ नगंस, बाई. सपतोच ह्यो. मोज माझ्यासंगं. येक, दोन..."

एकोणीस झाले आणि लख्ख उजेड आला. डब्यातल्या माणसांनी डोळे किलकिले केले, बाई लेकराकडे बघून हसली. सरुबाई मात्र पुढचा बोगदा येईपर्यंत डोळ्यांना पदर लावून बसून राहिली.

हौसाला मुलगी झाली, पण मागाहून ताप भरला. तीन आठवड्यांचे पाच झाले. जावयाने दोन कार्डे टाकली. यायचा दिवस काही त्यांत लिहिता आला नाही.

अखेर एका दुपारी सरुबाई लोणावळ्याला उतरली. गाठोडे डोक्यावर घेणार, तोच तिचा हात थांबला. कुंपणापाशी रखमाजी उभा होता. नीट बांधलेला फेटा, हातात काठी. मान जराशी तिरपी करून तो उतरणाऱ्या माणसांच्या पावलांचे आवाज ऐकत होता.

"अवं! कोन घिऊन आलं तुमाला?"

त्याचा चेहरा उजळला. "कोन न्हाई. रुळाच्या खडीच्या कडंकडंनं आलो. पायाला कळतंय."

"मावशी, आठ दिस झालं," नथू हमाल म्हणाला. "आबा रोज या गाडीला येत्यात. पैल्या दिशी गुडगं फोडून आलतं."

सरुबाईने रखमाजीच्या गुडघ्यांकडे पाहिले. खपल्या धरल्या होत्या. कोपराला धरावे म्हणून तिने हात पुढे केला, पण तो आधीच वळला होता.

"चल. फुडं मोरीवरचा येक दगुड हालतोय. मी पाय ठिवीन तितंच ठिव."

"व्हय," ती म्हणाली, आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागून चालू लागली.