न खेळलेला डाव

...कार्डाच्या खालच्या कडेला मधोमध ते भोक होतंच — ग्रंथालयाच्या खणातली लोखंडी सळई ओवण्यासाठी पाडलेलं, आता कशातच न ओवलेलं — आणि नल्लसिवमचं बोट त्या भोकाच्या कडेवरून गोल गोल फिरत होतं. कार्डावरची अक्षरं दिसत होती, पण मनात शिरत नव्हती. अक्षर त्याचंच होतं. पूंगुळली, शंकरनकोविल. पाच गुण. नावाखाली पाच वर्तुळं, एक पोकळ, एक भरीव, पुन्हा पोकळ, पुन्हा भरीव, पोकळ — पोकळ म्हणजे पटावरची पांढरी मोहरी, भरीव म्हणजे काळी — आणि सहाव्या घरात वर्तुळाऐवजी नुसती आडवी रेघ.

चूक माझीच असणार, असं त्याच्या मनात आलं. हे वाक्य त्याच्या मनात नेहमीच सगळ्यांत आधी येई. कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली, तिथंही पुस्तक जागेवर सापडलं नाही की तो पहिल्यांदा स्वतःच्या खिशात हात घालून बघायचा, जणू काही पुस्तक तिथं असेल. तिथं कॉम्प्युटर आला तेव्हा उरलेली कोरी कार्डं रद्दीत जाणार होती. ती त्यानं साहेबांना विचारून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारून, घरी आणली होती. तेव्हापासून पाळयंकोट्टैतल्या प्रत्येक बुद्धिबळ स्पर्धेत तो ही कार्डं कापडी पिशवीत घालून येत असे. काम त्याच्याकडे फारसं नसे. निकालाच्या चिठ्ठ्या वाटायच्या, सह्या झाल्या की गोळा करायच्या, आणि मुख्य पंचाच्या, म्हणजे इसक्कीमुत्तूच्या, टेबलावर नेऊन ठेवायच्या. इसक्कीमुत्तू ते आकडे कॉम्प्युटरमध्ये भरी आणि पुढच्या फेरीच्या जोड्या कॉम्प्युटर लावी. पण त्याआधीच्या पाच-सात मिनिटांत, स्पर्धा जिथं भरे त्या मंगल कार्यालयाच्या मंडपात, मागच्या खांबाशी बसून, गुडघ्यावर कार्डं मांडून, नल्लसिवम त्याच जोड्या हातानं लावून ठेवायचा. कुणाला न सांगता. मग यादी भिंतीवर लागली की गर्दी ओसरल्यावर जवळ जायचा, आपली आणि तिची ताडून बघायचा... आणि जुळली की चष्मा पुसायचा. अकरा वर्षं. तेवढाच त्याचा विजय, आणि तोही चष्म्याच्या काचेएवढा.

आज जुळली नव्हती.

यादी लागली होती. शेवटची, सातवी फेरी, अडीच वाजता. आता दोन वाजून बारा मिनिटं. पहिल्या टेबलावर नागरकोविलचा झेवियर राजन, साडेपाच गुण, आणि त्याच्यासमोर साडेचार गुणांचा एक बँकेतला माणूस. दुसऱ्या टेबलावर पूंगुळली, पाच गुण, आणि तिच्यासमोर साडेचारचाच एक शाळामास्तर. आणि नल्लसिवमच्या गुडघ्यावर... पहिलं टेबल : झेवियर आणि पूंगुळली.

साधी गोष्ट होती. साडेपाचवर झेवियर एकटा, त्याच्या खाली पाचवर ही एकटी. स्विस पद्धतीत सारख्या गुणांच्यांना एकमेकांसमोर बसवतात, सारखा नसेल तर लगेच खालचा. हेच तर त्याला या पद्धतीत आयुष्यभर आवडत आलं होतं — इथं हरलेला घरी जात नाही, त्याला दुसरा हरलेला भेटतो, जिंकलेल्याला जिंकलेला, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ज्याला-त्याला आपल्या उंचीचा माणूस शोधून दिला जातो. शोधून दिला जातो! आपण कुणाकडे जाऊन ‘बसू का?’ असं विचारायचं नाही. भिंतीवर नाव असतं, त्या टेबलाशी जायचं, हात मिळवायचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा रिकामी खुर्ची दिसत असून उभं राहणाऱ्या त्याच्यासारख्याला हे केवढं मोठं वाटायचं, ते सांगायचं कुणाला?

एकदा खेळलेल्या दोघांना मात्र पुन्हा समोरासमोर बसवत नाहीत. नियम पक्का. आणि ही दोघं तर आज सकाळीच...

पण सकाळी ती खेळलीच नव्हती. शंकरनकोविलहून येताना तिच्या बसचं टायर फुटलं. घड्याळ सुरू होऊन तीस मिनिटांत जो पोचत नाही त्याचा गुण जातो. ती पस्तिसाव्या मिनिटाला धावत आली, चपला हातात घेऊन. तोवर झेवियर सही करून कॉफी प्यायला गेला होता. पांढरी मोहरी जागच्या जागी उभी होती, एक प्यादंसुद्धा हललेलं नव्हतं. तिनं पटाकडे बघितलं, मग नल्लसिवमकडे — इथं सगळे त्याला ‘अण्णाची’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत — आणि चिठ्ठीवर सही करता करता म्हणाली, ‘‘अण्णाची, हरायलासुद्धा बस वेळेवर लागते बघा.’’ हसली. आणि मग नळाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

पाच डाव पाचही जिंकलेली मुलगी. पहिला येईल तो एकटाच राज्य स्पर्धेला जाणार. आता झेवियरला अर्धा गुण पुरे. दोघांचे गुण सारखे झाले तरी प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या सरासरीत तो वर. तिनं मास्तरला हरवून उपयोग नाही, त्या बँकवाल्यानं झेवियरला हरवायला हवं, आणि ते होणार नाही हे मंडपातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

गुण गेला तो गेला. पण डाव झाला नाही. न झालेल्या डावाचा रंग धरत नाहीत, गाठ पडली असंही धरत नाहीत. म्हणून त्यानं रेघ ओढली होती. आणि इसक्कीमुत्तूनं घाईत भरताना नेहमीच्या डावासारखं एक-शून्य दाबलं असणार. कॉम्प्युटरला काय, त्याच्या लेखी ही दोघं भेटली, लढली, एक हरलं...

की मीच नियम चुकीचा वाचला? बदलला असेल. हल्ली सारखे बदलतात. आपण जुनी माणसं. त्यानं पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, पान त्याला पाठ होतं तरी बोट ठेवून वाचलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तेच होतं. दोन वाजून सोळा.

पिशवीच्या तळाशी या सगळ्यांहून जुनं एक कार्ड होतं, ते त्याला काढायचं नव्हतं. ते हाताला लागलंच.

दुरैपांडी, तूत्तुकुडी.

एकोणीसशे सत्त्याऐंशी, शाळेचा हॉल, कॉम्प्युटर नव्हताच, जोड्या तोच लावायचा. दुरैपांडी मिठागरात कामाला होता, पायांच्या टाचा पांढऱ्या फुटलेल्या, मोहरं उचलायचं तर जणू दुखेल त्याला अशा बेतानं. त्याचाही एक डाव असाच न खेळता गेलेला — आणि घाईत नल्लसिवमनं त्या घरात रेघेऐवजी भरीव वर्तुळ काढलं. कळलं तेव्हा यादी भिंतीवर होती. आठ मिनिटं शिल्लक होती. मोठे पंच बाहेर उभे राहून वडा खात होते, हसत होते कुणाशी तरी, आणि तो कार्ड हातात धरून त्यांच्यामागे उभा राहिला... वडा संपू दे, मग सांगू. वडा संपला. मग कॉफी. तेवढ्यात दुरैपांडीच जवळ आला. यादीकडे बोट करून म्हणाला, ‘‘सार, हे बरोबर आहे ना? मला वाटलं, मला पहिलं टेबल मिळेल.’’ आणि नल्लसिवमनं मान हलवली. बरोबर आहे. एवढंच. तोंडानं खोटं बोलला नव्हता, नुसती मान हलवली होती — ही सवलत त्यानं पुढं कित्येक वर्षं स्वतःला देऊन पाहिली. दुरैपांडी पुन्हा कुठल्या स्पर्धेत दिसला नाही. भरीव वर्तुळ अजून तसंच काळं होतं.

तो उठला तेव्हा गुडघ्यावरची कार्डं खाली सांडली. ती गोळा करावीत की जावं? गोळा करण्यात दोन मिनिटं जातील, आणि ती जावीत असंच त्याला वाटतंय, हे त्याला स्वच्छ दिसलं. कार्डं तशीच टाकून तो निघाला. मंडप केवढा लांब! मागच्या आठवड्यातल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं अजून स्टेजवर लटकत होती, नवऱ्याचं नाव अर्धं पडलेलं.

इसक्कीमुत्तू डब्यातला दहीभात संपवत होता. नल्लसिवम त्याच्यासमोर उभा राहिला, आणि भात संपण्याची वाट पाहू लागला... एक घास. दुसरा घास.

‘‘इसक्की,’’ तो म्हणाला. ते इसक्कीमुत्तूला ऐकूच गेलं नाही. ‘‘इसक्की, जोड्या चुकल्यात.’’

‘‘काय अण्णाची?’’

‘‘पहिलं टेबल. सकाळचा डाव झालाच नव्हता. तू झाला म्हणून भरलायस.’’

इसक्कीमुत्तूचा हात डब्यातच राहिला. मग त्यानं डाव्या हातानं कॉम्प्युटर ओढला, दोनदा काहीतरी दाबलं, आणि कपाळाला हात लावला, भाताचाच. ‘‘अय्यो. एक-शून्य मारलंय मी. अण्णाची, तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘मी... कार्डं लावतो.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘लावतो आपलं.’’

झेवियरचे शिक्षक देवसहायम कुठूनतरी आलेच, धोतर खोचत. ‘‘काय चाललंय? यादी लागलीय. आता पोरगी सकाळी उशिरा आली त्याचं बक्षीस द्यायचं का तिला? आणि कशावरून, तर अण्णाचींच्या लायब्ररीच्या कार्डांवरून? उद्या पुस्तक परत केलं नाही म्हणून दंड पण लावा आम्हाला!’’

लोक हसले. नल्लसिवमलाही सवयीनं हसू आलं, आणि पाय मागं सरकू लागले. एक पाऊल सरकलाही. तिथं, गर्दीच्या कडेला, पूंगुळली उभी होती. नुसती यादीकडे बघत होती, जशी फुटलेल्या टाचांचा एक माणूस कधीतरी बघत होता.

‘‘बक्षीस नाही,’’ नल्लसिवम म्हणाला, आणि या वेळी आवाज कुठून आला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. ‘‘तिचा गुण गेला तो गेला, झेवियरला मिळाला तो त्याचा. पण प्यादं हललं नाही देवसहायम, घड्याळाशिवाय काही चाललं नाही. जे झालं नाही ते झालं म्हणून कसं लिहायचं? आणि पांढरी झेवियरलाच येतात, काळी तिला. सकाळी होती तशीच. नियम वाचून दाखवू?’’

देवसहायमनी पुस्तकाकडे हात केला, मग तो मागे घेतला. झेवियरनं कॉफीचा पेला खाली ठेवला. ‘‘सार, सोडा हो,’’ तो म्हणाला, ‘‘सकाळपासून सगळे मला फुकटचा गुणवाला म्हणतायत. बसू दे तिला समोर.’’

जुनी यादी इसक्कीमुत्तूनं स्वतः फाडली. नवी लागली. पहिलं टेबल. नल्लसिवमनं ताडून बघितली नाही.

पूंगुळली त्याच्याजवळून जाताना थांबली. ‘‘अण्णाची, बरोबर आहे ना?’’

तेच शब्द. तेच, अडतीस वर्षांनी, दुसऱ्या तोंडातून... ‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला. तोंडानं म्हणाला. ‘‘काळी आहेत, जपून.’’

‘‘काळीच मला आवडतात,’’ ती म्हणाली, आणि गेली.

‘‘तुम्हीच सांगा आज,’’ असं म्हणत इसक्कीमुत्तूनं त्याच्या हातात माईक कोंबला. माईक जड होता, गार होता. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तर तो चालूच होता आणि त्याचा श्वास सगळ्या मंडपभर ऐकू गेला. शंभर डोकी वर झाली. घड्याळं सुरू करा, असं कुणीतरी म्हणालं — त्याच्याच, पण त्यालाही अनोळखी, मोठ्या आवाजात — आणि स्टेजवरच्या थर्माकोलपासून मागच्या खांबापर्यंत, जिथं त्याची कार्डं अजून जमिनीवर विखुरली होती, तिथपर्यंत तो आवाज गेला. एकदम पन्नास घड्याळं दाबली गेली. पावसाळी बेडकं एकदम गप्प व्हावीत तसा मंडप शांत झाला.

पहिल्या टेबलावर झेवियरनं राजासमोरचं प्यादं पुढं केलं. पूंगुळलीनं पदर खोचला आणि हनुवटी मुठीवर टेकवली. ती जिंकेल, हरेल... नल्लसिवम तिकडे बघत नव्हता. तो खांबाशी खाली बसून एकेक कार्ड उचलत होता, आणि त्याच्या आत काहीतरी मोठं, वेडंवाकडं, लग्नातल्या नादस्वरासारखं, जागेत न मावता वाजत होतं. उद्या शंका पुन्हा येईल. रात्रीच येईल कदाचित — नियम नीट वाचला होतास ना? येऊ दे. समोर बसू दे.

शेवटचं कार्ड दुरैपांडीचं निघालं. त्या काळ्या वर्तुळाच्या कडेवरून त्याचं बोट फिरलं, एकदा, दोनदा. तो डाव झालाच नव्हता. आणि जो झाला नाही, त्याची गाठ पुन्हा पडू शकते... कुठं, कुणाच्या चेहऱ्यानं, हे यादीत लिहिलेलं नसतं एवढंच.

त्यानं ते कार्ड पिशवीच्या तळाशी ठेवलं नाही. सगळ्यांत वर ठेवलं, आणि डोळे वर करून बघितलं : पहिल्या टेबलावर काळी मोहरी चालायला लागली होती.