कार्ड बघायची बंदी

सरकारी आदेश वाचून कुणाला ताप भरतो का हो? हरिहरला भरला. खाडीकाठच्या आरोग्य केंद्रात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कागद पुरे असल्याशिवाय कुणाच्या हाती खोकल्याची बाटलीही लागू द्यायचा नाही. आणि २००५ च्या पुरानंतर वरून फर्मान आलं: घरांत पाणी शिरून लोकांचे कागद गेले आहेत, सबब ऑगस्टअखेरपर्यंत कोणत्याही आरोग्य योजनेसाठी वयाचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे पुरावे मागू नयेत, तपासू नयेत.

"म्हणजे नियम पाळायचे नाहीत, हा नियम!" तो बायकोपाशी करवादला.

"मग तो पाळा की," वासंती म्हणाली आणि भात वाढला.

पाळला! असा पाळला की लोक जेरीस आले. कुणी सवयीने पिशवीतून रेशनकार्ड काढलं की हा डोळ्यांवर हात धरायचा. "आत ठेवा! बघितलं तर माझी नोकरी जाईल!"

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी गुणवंती आली. बंदरावर मासे विकणारी ही बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, मासे कापता कापता स्वतःची बोटं कापून घ्यायची. फुकट ऑपरेशन साठीपुढच्यांना, आणि तिच्या रेशनकार्डावर कुणा महाभागाने वय लिहिलं होतं अडतीस. तीन वर्षांत चार वेळा हरिहरने तिला दारातून परत पाठवलं होतं.

आज नेत्रशिबिराची जीप दारात उभी होती. एकच जागा उरली होती, आणि पुढचं शिबिर दिवाळीनंतर. चालक शिवा हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता.

"नाव लिहिलंय. जा, बसा जीपमध्ये," हरिहर म्हणाला.

"आदी कार्ड बगा." गुणवंतीने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड टेबलावर आपटलं. "बदलून आणलंय. वय बासष्ट."

हरिहरने डोळे झाकले. "बघायची बंदी आहे."

"बंदी? तीन वर्सं मला नाचवलंत ह्याच्यापायी! धंदा टाकून खेपा घातल्या. पाणी घरात शिरलं तवा भांडी गेली, पन ह्ये मी डोक्यावर धरून उभी ऱ्हायली. आनि आता बगनार नाय?"

"अहो, जीप जाईल!"

"जाऊंदे. मला उपकाराचा डोळा नको. माझं वय खरं हाय, ह्ये तुमच्या तोंडानं बोला, मग चढते."

बाहेर शिवाने जीप सुरू केली. हरिहरने त्याला हाताने थांबायची खूण केली. समोर आदेशाचा कागद, आणि त्याच्या पलीकडे चिंध्या बांधलेली तिची बोटं. त्याने कार्ड उघडलं.

वय बासष्ट. अगदी ठळक. आणि शेजारच्या रकान्यात, तितकंच ठळक: पुरुष.

एरवी त्याने तिला एवढ्यावरून परत धाडलं असतं, आणखी तीन वर्षांसाठी. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या क्षणी त्याला स्वतःची लाज वाटली.

"वाचा की!"

"बासष्ट," तो म्हणाला. "सगळं बरोबर आहे. चूक आमचीच होती, मावशी."

"मगाधरनं तेच सांगते ना, मेल्या!" गुणवंतीने पदराने डोळे पुसले, कार्ड पुन्हा गुंडाळलं आणि जीपमध्ये चढली. फाटकातून बाहेर पडताना तिने मान बाहेर काढली. "चौथीपावत शिकलेय मी! दिसाया लागलं की पयलं ह्ये कार्ड वाचनार! सोमवारी पेढे घेऊन येते!"

हरिहर आत आला आणि सोमवारची किरकोळ रजा टाकायला बसला. कारणाच्या जागी पेन अडलं. एका दिवसात दोनदा खोटं लिहिणं-बोलणं त्याच्याने होईना, म्हणून त्याने खरं तेच लिहिलं: गुणवंतीची भीती.