एक्कावन्नावं मिनिट

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे आणि मला स्वतःचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. नम्रतेचा आव आणणं मला जमत नाही.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला, पण मला कामाला लावलं ते डोंबिवलीच्या विश्राम सरांनी. त्यांच्या दहावीच्या विज्ञानाच्या क्लासात त्यांनी मला छताला उलटं टांगलं आणि तरीही चित्र सुलट दिसावं, अशी सोय माझ्यात करून ठेवली. बारा वर्षं मी भिंतीवर हृदयाचे कप्पे आणि भिंगातून जाणारे किरण दाखवले. पन्नास मिनिटांचा तास झाला की सर मला विश्रांती देत. पालक माझं कौतुक करत. मग क्लास बंद झाला आणि मी माळ्यावर गेलो. गरज सरो, वैद्य मरो. तिथे चार वर्षं धूळ खाल्ली, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

मला खाली आणलं सरांच्या नातीने, कल्पिताने. ठाण्यात ॲनिमेच्या, म्हणजे जपानी चित्रमालिकांच्या चाहत्यांचं संमेलन भरणार होतं. या मालिकांमधली दृश्यं कापून, आवडत्या संगीतावर बसवून ही मुलं स्वतःचे व्हिडिओ करतात. तशा व्हिडिओंची स्पर्धा घेऊन चौदा व्हिडिओ दाखवायचं काम कल्पिताने अंगावर घेतलं होतं. तिला एक बाजूची खोली मिळाली होती, प्रोजेक्टर मात्र स्वतःचा आणायचा होता. संमेलनाचा प्रमुख साकेत तिला म्हणाला होता, "शेवटचा व्हिडिओ बघायला मी येईन. पब्लिक तोपर्यंत बसलेलं दिसलं तर पुढच्या वर्षी ठेवू. नाहीतर हे बंद."

मग आठवडाभर कल्पिता आणि तिचा मित्र हर्षित जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरून क्रम लावत बसले. "दोन रडके लागोपाठ नको गं, लोक उठून जातील," हर्षित म्हणायचा. नियोजन करणाऱ्याचा स्वतःचा व्हिडिओ स्पर्धेत नसतो, तो सगळ्यांच्या शेवटी लागतो, अशी त्यांच्यातली रीत. कल्पिताने तलवारबाजीची दृश्यं आपल्या ढोल-ताशा पथकाच्या वादनावर बसवली होती. त्यात तिचे पाच महिने गेले होते.

सर पेपरच्या आडून सगळं ऐकत. "कार्टूनसाठी केवढा खटाटोप," असं पुटपुटत. पण दाढीच्या ब्रशने माझी जाळी साफ केली ती त्यांनीच. "पन्नास मिनिटं, कल्पिता," त्यांनी बजावलं. "त्यापुढे हा तापतो. बल्ब गेला तर या मॉडेलचा आता कुठे मिळत नाही." सगळे व्हिडिओ मिळून अठ्ठेचाळीस मिनिटांचे होते, तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही.

मला दुसऱ्याच्या हाती सोपवायला सरांचं मन होईना, म्हणून तेही ठाण्याला आले. निळ्या-गुलाबी केसांचे टोप आणि पुठ्ठ्याच्या तलवारी यांनी खोली गच्च भरली होती. मला टेबलावर ठेवून हर्षितने पहिला व्हिडिओ लावला आणि तिथेच घोटाळा झाला. छताला टांगलेलं असतानाची माझी जुनी सोय बदलायला सगळेच विसरले होते. भिंतीवर माणसं डोक्यावर चालू लागली. दुसरं कुठलंही पब्लिक ओरडलं असतं, पण ही मंडळी पडली दर्दी. "तो वरून पडतोय ना, म्हणून उलटं दाखवलंय. काय एडिट आहे रे," असं म्हणत त्यांनी माना वाकड्या करून व्हिडिओ पाहिला आणि टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर तो व्हिडिओ करणारी मैथिली उठली. "ताई, माझा व्हिडिओ सरळ आहे," ती कल्पिताला म्हणाली. "लोकांना आवडत होता, म्हणून मधे बोलले नाही."

सरांनी दोन बटणं दाबून मला सुलट केलं. पण स्पर्धा म्हटल्यावर मैथिलीचा व्हिडिओ पुन्हा दाखवणं भाग होतं. चार मिनिटं त्यात गेली. कल्पिताची पाळी आली तेव्हा माझी पन्नास मिनिटं भरली होती आणि अंगावरचा लाल दिवा लुकलुकत होता. साकेत दारात येऊन उभा होता. जेवणाची वेळ झाल्याने लोक पिशव्या आवरत होते. भिंत काळी झाली असती तर खोली रिकामी व्हायला वेळ लागला नसता.

"आजोबा, हा तापलाय. बंद करते," कल्पिता म्हणाली. तिने माझ्या बटणाकडे हात नेला.

"अगं, लाव," सर म्हणाले. "बल्ब गेला तर गेला."

बारा वर्षांत सरांनी एक्कावन्नावं मिनिट कुणाला दिलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, माझी छाती फुगली.

ढोल सुरू झाला. प्रत्येक टोल्याला तलवारीचा एक वार पडत होता, एकही टोला चुकत नव्हता. उठलेले लोक पुन्हा बसले. माझं अंग भाजत होतं, तरी मी उजेड कमी होऊ दिला नाही. सरांची बोटं माझ्या पाठीवर ठेका धरत होती आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. शेवटच्या टोल्यापर्यंत एक माणूस हलला नाही. बल्बही गेला नाही.

"पुढच्या वर्षी तू मोठ्या हॉलमध्ये कर," साकेत कल्पिताला म्हणाला. "तिकडचा मोठा पडदा घे."

त्या पडद्याला माझा उजेड पुरणार नाही, म्हणजे तिथे मला नेणार नाहीत. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? तरी मित्रांनो, एवढं करा. आम्हा जुन्या वस्तूंची धूळ पुसा, आम्ही तापलो की विश्रांती द्या, पण ज्या कामासाठी जपलंत ते काम समोर आलं की हात आखडू नका. आणि कल्पिताला मोठ्या हॉलमध्ये कुणी पोचवलं असं कुणी विचारलंच, तर आधी माझं नाव घ्या, मग सरांचं.