धुराडं कुठवर पोचेल

बंद गिरणीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मठातले बाबा धुराड्याच्या बुंध्यापासून निघाले, पावलागणिक देवाचं एक नाम घेत. मग भुईवर आडवे झाले, गाल मातीला टेकवला आणि डोळ्याशी पितळेचा तिकोनी पत्रा धरला. "भूमाता कानात सांगतेय," म्हणाले आणि धुराड्याची उंची सांगून मोकळे झाले. कामगारांनी माथ्यावरून दोरी सोडून मापलं, तर वीतभराचाही फरक नाही. लोकांनी तोंडात बोटं घातली.

गवंड्याची बायको कडेला उभी होती. याच धुराड्याची डागडुजी करताना तिचा नवरा वरून पडला, तेव्हापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेव म्हटलं की जेवायची, इतकंच.

बाबांनी तिला बरोबर हेरलं. "माई, धुराड्याने तुझा धनी घेतला, आता ते समोरच्या तुझ्या घरावर कोसळणार. घर मठाला दे आणि मोकळी हो." कोसळत्या धुराड्याखालचं घर मठाला कशाला हवं, एवढं विचारण्याइतकी शुद्ध कोणाला होती?

ती घरी येऊन मुकाट्याने भांडी गोळा करू लागली.

"हे काय चाललंय, वहिनी?" नणंदेने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची.

"बाबा म्हणाले, घर सोड."

"बाबा आडवे का होतात, सांगू?" नणंदेने चौरस कागद कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला. "हा काटकोन, त्याच्या दोन्ही बाजू सारख्या. एक बाजू भुईवर, दुसरी उभी. डोळा भुईलगत नेऊन तिरक्या कडेवरून बघायचं. माथा नेमका कडेच्या रेषेत आला, की बुंध्यापर्यंत जेवढं अंतर तेवढीच उंची. त्रिकोण तोच, फक्त मोठा. नाम कसलं घेतात, पावलं मोजतात."

"मग मी काय करू?"

"दारात आडवी हो. स्वतः बघ."

शेजारणी बघत असताना तिने गाल भुईला टेकवला.

"माथा दिसतच नाही. कागदाच्या आड गेलाय."

"म्हणजे कडेच्या खाली. उंचीपेक्षा अंतर जास्त. धुराडं सरळ इकडे आडवं झालं, तरी दारापर्यंत पोचत नाही."

पडल्यापडल्याच तिने विचारलं, "आणि त्यांना का घेतलं त्याने?"

"धुराडं कोणाला घेत नाही, वहिनी." नणंद म्हणाली. "पायाखालच्या परांचीचा दोर कुजला होता. दादा मुकादमाला सांगून थकला होता."

इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. तो राग होता.

संध्याकाळी बाबा किल्ली मागायला आले. तिने कागद पुढे केला. "इथे आडवे व्हा आणि काय दिसतं ते सगळ्यांना सांगा." बाबांना नेमकं तेव्हाच दुसरीकडे जायचं आठवलं. शेजारणी हसल्या. ती हसली नाही.

"मी मुकादमाकडे निघालेय," ती म्हणाली. "कोण येतंय?"

चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी 'हे झालं कसं' एवढं विचारावं. माणूस मेला, तरी तेच विचारावं. धुराड्याची उंची ऐकायला अख्खी वस्ती लोटली होती. दोराचं विचारायला मात्र तोवर कोणीच गेलं नव्हतं.